स्थळ क्रमांक बारा : तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

कोणतीही जागा जन्मतः प्रेक्षणीय नसते. आधी कुणीतरी मान वर करून तिच्याकडे बघावे लागते आणि दुसऱ्या कुणीतरी ते नोंदवून घ्यावे लागते. पहिले काम पर्यटक करतात, दुसरे काम 'प्रेक्षणीय स्थळ निश्चिती कक्ष' करतो, आणि या दोघांच्या सहकार्यावर शहरातला नाट्यगृहांचा भाग आज उभा आहे.

या भागात अकरा नाट्यगृहे आहेत. त्यांपैकी दोन ठिकाणी अजूनही नाटके होतात (कक्षाने त्यांना वेळोवेळी समज दिली आहे). नाटकाला अडीच तास लागतात, आणि एवढा वेळ एकाच खुर्चीत बसून काढणे हा बाकीच्या स्थळांवर अन्याय आहे. म्हणून दीड तासात अकरा स्थळे दाखवणारी पायी सहल सुरू झाली. तीत एका महान शोकनटाचा पाय घसरला ती पायरी बघायला मिळते. पडलेल्या नाटकाचा लेखक पहिल्या प्रयोगाला ज्या पाइपवरून उतरून पसार झाला, तो पाइप बघायला मिळतो (मूळ पाइप गंजला, सध्याचा शेजारच्या इमारतीचा आहे, पण त्याची जिद्द तीच आहे). एक बाक आहे, ज्यावर बसून एका नाटककाराने सहा वर्षे तिसऱ्या अंकाची वाट पाहिली. अंक आला नाही, पण बाकाला दरवर्षी नवा रंग येतो.

ही सहल नेणाऱ्या मार्गदर्शकांपैकी एक होती पिवळी छत्री. पर्यटक हरवू नयेत म्हणून ती पिवळी छत्री उंच धरून पुढे चाले, आणि तेवढ्यावरून तिचे नाव पडले. "घसरला, तो इथेच," हे वाक्य ती दिवसातून चार वेळा अशा आवाजात म्हणे, की एखादी आजीबाई हमखास चुकचुके आणि "फार लागलं नाही ना हो?" असे विचारी.

बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आली होती. घरी दहा महिन्यांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंची उभी हयात नाट्यगृहाच्या कपडेपटात राजेरजवाड्यांच्या अंगरख्यांना बटणे लावण्यात गेली होती. म्हणून नातीचे लाडाचे नावही बटण.

पायरी आणि पाइप यांच्या मधल्या गल्लीत त्यांचे घर होते, तिसऱ्या मजल्यावर. चार सहलींपैकी एक अकरा वीसला तिथून जाई (बाकीच्या वेळी बटण झोपलेली असे), आणि अकरा वीसला सासूबाई बटणला खिडकीत धरून उभ्या राहत. पिवळी छत्री खाली थांबे, हात हलवी. वर बटण मूठ उघडे, मिटे, आणि पायाच्या अंगठ्यापासून हसायला सुरुवात करी. दोन मिनिटे. सकाळी सात ते संध्याकाळी सात या बारा तासांत आईला मुलगी दिसायची ती एवढीच, आणि याच दोन मिनिटांवर ती उरलेला दिवस रेटून नेत असे.

आता मार्गदर्शक थांबला की पर्यटक थांबतो, आणि मार्गदर्शकाने मान वर केली की पर्यटक कॅमेरा वर करतो. हा सवयीचा भाग आहे, त्यात कुणाचा दोष नाही.

"इथे काय घडलं?" चौथ्या दिवशी एका गृहस्थांनी वही काढून विचारले.

ही माझी मुलगी, असे म्हणायला तिची जीभ शिवशिवली. पण कामाच्या वेळेत आपले नातेवाईक पर्यटकांना दाखवू नयेत, असा नियम चौदा आहे (पूर्वी एका मार्गदर्शकाने अख्ख्या गटाला मेव्हण्याच्या चपलांच्या दुकानात नेले होते). खोटे बोलणे तिच्या स्वभावात नव्हते. ती म्हणाली, "अजून फारसं काही नाही. दहाच महिने झालेत."

गृहस्थांनी 'दहा महिने' लिहून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या.

मागून येणाऱ्या लाल झेंडीवाल्या मार्गदर्शकाने हे पाहिले. पिवळ्या छत्रीच्या गटाला बारावे स्थळ मिळते आणि आपल्या गटाला मिळत नाही, हे त्याच्या मनाला लागले. दुसऱ्या दिवशी तोही खिडकीखाली थांबला. ही म्हातारी म्हणजे एकेकाळची गाजलेली नटी असून परागंदा नायकाची वाट बघते आहे, असे त्याने सांगितले. मग बाळ कुणाचे, असे एकाने विचारल्यावर तो म्हणाला, "तेच तर रहस्य आहे."

आठवडाभरात सात मार्गदर्शक तिथे थांबू लागले. पर्यटकांनी अभिप्राय लिहिले. 'फारच नैसर्गिक अभिनय.' 'बाळाचे काम अप्रतिम, म्हातारी थोडी अति करते.'

"अति करते? मी?" सासूबाई कडाडल्या. "मी नुसती उभी असते गं! हलतसुद्धा नाही!"

"जाऊ द्या हो, आई. लोक काय, काहीही लिहितात."

"तसं नाही. प्रेक्षकाचं म्हणणं अगदीच टाकून देऊ नये," असे म्हणून सासूबाईंनी ट्रंकेतला मखमली झगा काढला, उलटा-सुलटा करून पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून थोडे कमी करू लागल्या.

यथावकाश कक्षाचे मोजणी निरीक्षक आले. कक्षाची व्याख्या अशी आहे : जिथे किमान नऊ व्यक्ती, मान किमान तीस अंश वर करून, दीड मिनिटाहून अधिक काळ उभ्या राहतात, ती जागा प्रेक्षणीय समजावी. त्या का उभ्या राहतात, हे कक्षाच्या कार्यकक्षेबाहेर आहे. निरीक्षकांनी एकशे बारा माना मोजल्या, कोनमापकाने सात माना तपासून पाहिल्या आणि मग ते जिना चढून वर आले.

"बाळ रोज असतं का?" त्यांनी विचारले.

"नाही, बुधवारी त्याला ऑफिस असतं," सासूबाई म्हणाल्या.

'बुधवार वगळून,' निरीक्षकांनी लिहिले.

पंधरा दिवसांत पितळी पाटी लागली : स्थळ क्रमांक बारा. सोबत देखभालीची सूचनापत्रिका आली. खेळ दिवसातून तीनदा, अकरा वीस, एक वीस आणि चार चाळीस. झोप यांच्या मधल्या वेळेत उरकावी. रडणे ही तांत्रिक अडचण समजली जाईल. ती चार मिनिटांपेक्षा जास्त चालल्यास लेखी कळवावे. कलम नऊ मात्र महत्त्वाचे होते. स्थळ मूळ स्वरूपात जतन करावे, कोणताही बदल पूर्वपरवानगीशिवाय करू नये.

आणि नेमका त्याच आठवड्यात बटणला दात आला.

कक्षाने नोटीस काढली. 'विनापरवाना दात (खालचा, डावीकडील)' असा तिचा विषय होता. सासूबाईंनी खुलासा दिला की दात आतल्या बाजूने आलेला आहे, बाहेरून काही बांधकाम केलेले नाही. प्रकरण तज्ज्ञ समितीकडे गेले. समितीने तीन बैठका घेतल्या, एक दात नियमित केला आणि यापुढे एका वर्षात चारपेक्षा जास्त दात येऊ नयेत अशी शिफारस केली. तोपर्यंत तिसरा डोकावत होता. बटण भिंतीला धरून उभीही राहू लागली होती, पण ते सासूबाईंनी कुणाला कळू दिले नाही.

पिवळी छत्री हे सगळे रात्री जेवताना ऐके आणि पोट धरून हसे. हसणे ज्या दिवशी थांबले, त्या दिवशी तिच्या हातात बदलीचा आदेश होता. स्थळ क्रमांक बारा आता प्रथम श्रेणीत गेले होते, आणि प्रथम श्रेणीची स्थळे दाखवायला बारा वर्षांचा अनुभव लागतो. लाल झेंडीवाल्याला तो होता. पिवळ्या छत्रीला नदीपलीकडच्या गोदामांच्या सहलीवर पाठवण्यात आले, जिथे जुने पडदे ठेवलेले दिसतात (गोदामे बंद असल्याने कुलपे दिसतात).

ती कक्षात गेली.

"साहेब, मी आई आहे तिची."

"अरे वा," निरीक्षक मनापासून म्हणाले. "स्थळाशी असलेलं नातं जाहीर केलंत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक लपवतात."

"मग अकरा वीसची सहल मला परत द्या ना. दोन मिनिटंच दिसायची हो ती मला."

"तेच तर आता करता येणार नाही, ताई. हितसंबंध आला ना मध्ये. उद्या कुणी म्हणेल, मार्गदर्शक बाई स्थळाकडे प्रेमाने बघतात. बाकीच्या अकरा स्थळांना काय वाटेल?" मग त्यांचा आवाज खाली आला. "पर्यटक म्हणून या की. पर्यटकाला कुणी अडवत नाही."

हे मात्र खरे होते. जेवणाची सुट्टी एक ते दोन. गोदामापासून पूल ओलांडून पळत सुटले तर गल्ली अठरा मिनिटांवर येते. पहिल्या दिवशी ती डबा न उघडता धावली, छत्री बगलेत मारून, आणि एक वीसला दोन मिनिटे कमी असताना धापा टाकत पोचली. गल्लीत तीनशे माणसे होती आणि तीनशे हात वर होते. वर खिडकी उघडली. जमेल तेवढी पुढे घुसून, टाचा उंचावून, एकाच्या खांद्यावरून आणि दुसऱ्याच्या टोपीवरून बघत तिने हात हलवला. बटणचे डोळे गर्दीवरून फिरत होते, गोंधळलेले, शोधणारे. ओठ बाहेर यायला लागले, म्हणजे तांत्रिक अडचण अगदी तोंडावर आली होती.

त्या दिवशी तुम्हीही तिथे होतात. रागावू नका, सगळेच जातात. पुढून तिसऱ्या रांगेत, जागा चांगली मिळाली होती तुम्हाला. अगदी मागे कुणीतरी घामेजलेली बाई तुमच्या डोक्यावरून सारखी हात हलवत होती. तुम्ही वळून म्हणालात, "अहो ताई, हात खाली घ्या जरा, फोटोत येतोय." तिने लगेच घेतला. सवयच ती, पर्यटकांची गैरसोय होऊ द्यायची नाही. पण तेवढ्यात वरून बटणला ती दिसली होती. बाळाने मूठ उघडली, मिटली, आणि तीन दात दाखवून अख्ख्या अंगाने हसले.

फोटो सुरेख आला आहे. नजर थोडी तुमच्या डोक्यावरून गेली आहे एवढेच, पण ते सांगितल्याशिवाय कळत नाही. घरी आलेल्या प्रत्येकाला तुम्ही तो दाखवता आणि म्हणता, "बघा, एवढ्या गर्दीत नेमकं माझ्याकडेच बघून हसलं."