घुम्याचं डावं शिंग

सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू होती. टाकी गळते हे सगळ्यांना मान्य होतं. दुरुस्ती कुणी करून घ्यायची हे कुणालाच मान्य नव्हतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या दासरीमामांनी हात वर केला. त्यांच्या ओळखीचा प्लंबर असेल, या आशेनं सेक्रेटरींनी त्यांना बोलायला दिलं. मामा उभे राहिले आणि म्हणाले की घुम्याचं डावं शिंग मोडलेलं आहे, उजवं नव्हे, आणि सभेनं याची नोंद घ्यावी.

सभा दमलेली होती. विरोध करायलाही ताकद लागते. सेक्रेटरींनी नोंद घेतली.

घुम्या हा ‘उलटी विहीर’ या मुलांच्या पुस्तकमालेतला प्राणी. विहिरीच्या तळाशी एक दार, दारापलीकडे एक मुलूख, आणि त्या मुलखातून मुलांना पाठीवर घेऊन वर आणणारा हा गव्यासारखा अवाढव्य जीव. तो बोलत नाही, फक्त घुमतो. पहिल्याच पुस्तकात मुलं बाहेर पडेपर्यंत दगडी दार मिटू नये म्हणून तो त्यात शिंग अडकवतो आणि ते मोडतं. पुढच्या सगळ्या पुस्तकांत तो उरलेल्या एका शिंगानिशी वावरतो. या मालेवर सिनेमा निघणार होता, आणि त्याच्या पहिल्या पोस्टरवर उजवं शिंग मोडलेलं होतं.

मी एका दैनिकात आहे. वाचकांच्या पत्रांचं पान माझ्याकडे असतं. मामा माझ्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये राहतात, हा माझ्या नोकरीतला एक भाग झाला होता. त्यांची पत्रं टपालानं येत नसत, जिन्यात येत. दूध घ्यायला उतरलो की पत्र, गाडी लावली की पत्र. मी पानावर जागा नाही म्हणालो की ते म्हणत, “जागा न्हाय म्हंता, आन् त्या मोकाट डुकरांच्या तक्रारीला रोज जागा हाय की.”

निवृत्त होण्याआधी मामा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात जकार्डचे डिझाइनर होते. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरून मोर, हत्ती, फुलं काढायची. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली जायची आणि त्या भोकांबरहुकूम माग चालायचा. चौकोन चुकला तर मोराची मान मोडते आणि ती मोडकी मान गावोगाव विकली जाते, असं ते सांगत. मागांच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. माणूस बोलत असला की ते ओठांकडे बघतात आणि मधेच थांबवून विचारतात, “पुस्तकात काय लिवलंय, ते बगा की.” हा प्रश्न त्यांनी रिक्षावाल्याला, बँकेतल्या बाईंना आणि एकदा डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही विचारला आहे.

गंमत अशी की ती पुस्तकं मामांनी स्वतः वाचलेली नव्हती. त्यांचं शिक्षण तेलुगू शाळेत झालं. मराठी वाचतात, पण अडखळत. मुलगी लावण्या लहान असताना शाळेच्या ग्रंथालयातून एकेक पुस्तक आणायची आणि संध्याकाळी मामा घरी ग्राफ भरत बसले की शेजारी बसून मोठ्यानं वाचायची. खडखडाटातून आलेल्या माणसाला ऐकू यावं म्हणून ओरडूनच वाचायची. आख्ख्या चाळीला घुम्या पाठ होता, असं मामा म्हणतात.

लावण्या आता पुण्यात नोकरी करते. मामी गेल्यापासून मामा एकटे. रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे झालं की दोघांकडे बोलायला फारसं काही राहत नाही. तिच्या ऑफिसातलं यांना कळत नाही आणि यांच्या दिवसात सांगण्यासारखं काही घडत नाही. मग घुम्या निघतो, आणि फोन लांबतो. पोस्टरच्या शिंगाची तक्रार जिन्यातच राहते, फोनवर पुस्तकातल्या जुन्या गोष्टी निघतात. सिनेमाची पहिली बातमी आली तेव्हा ती म्हणाली होती, “नाना, तो लागला की मी येणार. आपण दोघांनीच बघायचा, सोलापुरात.”

तिथून सगळं सुरू झालं. सिनेमा जाहीर झाला, रखडला, दुसऱ्या कंपनीकडे गेला, पुन्हा जाहीर झाला, पुन्हा रखडला. प्रत्येक वेळी मामा जिन्यात म्हणत, बरं झालं, नासवलाच असता. आणि प्रत्येक वेळी पुढचा आठवडाभर ते कुणाशी बोलत नसत. लोक म्हणत, म्हाताऱ्याला सिनेमाचं वेड लागलंय. मला वाटतं, ते सिनेमाची नव्हे, त्याबरोबर पुण्याहून येणाऱ्या गाडीची वाट बघत होते.

दरम्यान काळज्या वाढत गेल्या. मुलं इंग्रजी शाळेतली दाखवतील का? विहिरीला लिफ्ट लावतील का? घुम्याला गाणं देतील का? विहीर नकली बांधतील, या धास्तीनं तर ते एसटीनं मोडनिंबला गेले. तिथं कुणाच्या तरी शेतात जुनी दगडी विहीर आहे असं त्यांनी ऐकलं होतं. टेप घेऊन ते विहिरीचा घेर मोजत असताना शेतकरी आला आणि त्यानं अदबीनं विचारलं, “साहेब, अनुदान मंजूर झालं व्हय?” मामांनी त्याला समजावलं की दार तळाशी असतं आणि त्यातून गव्याएवढं जनावर जायला हवं. शेतकऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. सरकारी माणसाकडून त्यानं याहून विचित्र अटी ऐकल्या असाव्यात. त्यानं चहा पाजला आणि दार काढायची तयारी दाखवली. विहिरीचे फोटो कंपनीला पाठवले गेले. उत्तर आलं नाही.

मग ट्रेलर आला. शिंग उजवंच मोडलेलं होतं, आणि वर घुम्या चक्क बोलत होता. मामा मोबाइल घेऊन वर आले आणि दारातच उभे राहिले. “बोलायलाय की हो,” एवढंच म्हणाले. मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. सिनेमाला जाऊच नका, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

ज्या शुक्रवारी सिनेमा लागला त्या सकाळी लावण्याचा फोन आला: रजा नामंजूर झाली होती. मामांनी तिकिटं तीन काढली होती. तिसरं माझं, कारण पेपरवाला साक्षीला असावा. आम्ही दोघं गेलो. मधल्या खुर्चीवर मामांनी त्यांची पिशवी ठेवली. पिशवीत तिच्यासाठी केलेल्या शेंगाच्या पोळ्या होत्या. मध्यंतरात त्यांनी मला त्यातली एक दिली, स्वतः खाल्ली नाही. सिनेमाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. घुम्या बराच वेळ बोलला. शेवटी तो नाचलाही. बाहेर आल्यावर मामांनी रिक्षा थांबवली. मग म्हणाले, “उद्या पत्र लिवू. मोठं.”

दुसऱ्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे लिहायला बसलो. मामा कॉटवर बसून सांगत होते. कॉटवर घुम्याची चादर होती. लावण्या लहान असताना मालकाच्या परवानगीनं त्यांनी एकुलती एक विणून घेतली होती: पांढऱ्या जमिनीवर तपकिरी घुम्या. एका चादरीसाठी एवढी कार्डं पाडायला लावली म्हणून फोरमननं त्यांना वेड्यात काढलं होतं. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एकीकडे जे पांढरं ते दुसरीकडे गडद. मामी मळ दिसू नये म्हणून कायम गडद बाजू वर घालायची, आणि चांगली बाजू झाकली म्हणून मामा तिच्याशी कायम भांडायचे. आता मळवणारं कुणी नव्हतं. पांढरी बाजू वर होती. त्यावरचा घुम्या समोर बघत होता, डावं शिंग मोडलेलं. “घुम्याचं डावं. बगणाऱ्याचं न्हवं,” असं मामा प्रत्येक पाहुण्याला बजावत.

“मुद्दा पयला, शिंग,” मामा म्हणाले. मी लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला. ऐकू येत नसल्यानं मामांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

लावण्यानं पुण्यात सिनेमा बघितला होता, एकटीनं, ऑफिस सुटल्यावर. वाईट आहे, म्हणाली. घुम्या किती बोलतो, मधेच उठून जावंसं वाटलं. मामांचा चेहरा खुलला. मी म्हणलंच होतं, ते म्हणाले.

“पण नाना, एक गोष्ट बरोबर दाखवलीय त्यांनी,” ती म्हणाली. “शिंग.”

“कुटलं शिंग?”

“मोडकं. उजवं. अगदी आपल्या चादरीवर आहे तसंच. बाकी सगळं परकं वाटत होतं, आणि ते शिंग दिसलं तर मला एकदम रडूच आलं. शेजारच्या बाईंनी त्यांचं पॉपकॉर्न पुढं केलं.”

मामांनी तोंड उघडलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं. पुस्तकात काय लिहिलंय ते बघ. ते वाक्य आलं नाही. त्यांनी हात चादरीवरच्या मोडक्या शिंगावर ठेवला.

“व्हय की,” ते म्हणाले. “तेवढं जमलंय त्यांना.”

सुट्टी मिळाली की येते, ती म्हणाली. ये सावकाश, ते म्हणाले. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे या वेळी शेवटी आलं.

फोन ठेवल्यावर मामा उठले. चादरीची दोन टोकं धरून त्यांनी ती उलटी केली. गडद बाजू वर आली. तपकिरी जमिनीवर पांढरा घुम्या, आणि आरशात बघावं तसं सगळं चित्र फिरलेलं: मोडकं शिंग उजवं. लावण्या लहानाची मोठी झाली ती या बाजूवर.

“चौकोन मोजून मोजून काडलं होतं मी,” मामा म्हणाले. “एक पन चुकला न्हवता.” चादरीची सुरकुती त्यांनी हातानं साफ केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले की पत्रातला पहिला मुद्दा काढून टाका, घुम्या बोलतो तेवढंच राहू द्या. ते पत्र मी छापलं. डुकरांच्या तक्रारीशेजारी.

यंदाच्या वार्षिक सभेला नेहमीइतकेच लोक होते. प्रथेप्रमाणे सेक्रेटरींनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवलं. टाकीच्या विषयाखाली एक ओळ होती: घुम्याचे डावे शिंग मोडलेले असल्याचे श्री. दासरी यांनी सभेच्या निदर्शनास आणले. कुणीतरी हसलं. इतिवृत्त कायम करायला कुणाची हरकत, असं सेक्रेटरींनी न बघताच विचारलं, आणि मामांनी हात वर केला.

“दुरुस्ती हाय. डावं खोडा. उजवं लिवा.”

सेक्रेटरींनी चष्मा काढला. वर्षभर त्यांनीही जिन्यात बरंच सोसलं होतं. “मामा,” ते म्हणाले, “पुस्तकात काय लिहिलंय?”

“पुस्तकात डावंच हाय,” मामा म्हणाले. “आमच्या घरात उजवं.”

दुरुस्तीसह इतिवृत्त कायम झालं. मग टाकीचा विषय निघाला.