पोकच्या पाण्याची योग्य विल्हेवाट

केंटकीच्या डोंगरातल्या टॅनर्स गॅप या गावी दर वसंतात अग्निशमन केंद्राच्या आवारात पोकच्या भाजीचं गावजेवण होतं, आणि त्यात आजवर कोणी मेलेलं नाही. ही बाब नगरपालिकेला संशयास्पद वाटली.

पोक हे तण. कुंपणाच्या कडेला, खताच्या ढिगावर, कोणी न बोलावता उगवतं. ते विषारी आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून कोवळे कोंब खुडायचे, उकळायचे, पाणी फेकायचं. पुन्हा उकळायचे, पुन्हा फेकायचं. मग डुकराच्या चरबीत परतून वर अंडी फोडायची. यंदा वर्नी मावशीने आपला लांब दांड्याचा डाव सोळा वर्षांच्या ओपलच्या हाती दिला होता. तो डाव मिळणं म्हणजे गावात मोठं होणं. ओपल तो घेऊन आरशासमोर बराच वेळ उभी राहिली होती. अर्थात हे तिने कोणाला सांगितलं नाही.

जेवणाच्या आदल्या दिवशी प्रुइट साहेब आले. ते नगरपालिकेचे नवे वनस्पती-ओळख अधिकारी. सगळ्यांत नवा फोन त्यांच्याकडे होता, त्यामुळे या पदासाठी दुसरा उमेदवारच नव्हता. त्यांनी कोंबाचा फोटो काढला. फोन म्हणाला, पालक. दुसऱ्या फोटोत ओपलचा अंगठा आला. फोन म्हणाला, गाजर. तिसऱ्या खेपेला फोनने खरं सांगितलं.

"हे विषारी आहे," प्रुइट साहेब गंभीरपणे म्हणाले.

"हो साहेब. म्हणून तर पाणी फेकतो आम्ही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. तुमची आई माझ्या मावशीकडून डबा भरून न्यायची."

"घरच्या गोष्टी इथे नकोत. पाणी फेकता कुठे?"

"मोरीत."

प्रुइट साहेबांचा चेहरा एकदम फुलला.

संध्याकाळी नगरपालिकेची समिती बसली. अध्यक्षा हॅचर बाईंनी निर्णय दिला: भाजी परंपरेत बसते, सबब परवानगी आहे. विषारी पाणी मात्र मोरीत, गटारात, ओढ्यात किंवा जमिनीवर फेकता येणार नाही.

"मग न फेकता कसं करायचं?" ओपलने विचारलं.

"पाणी भाजीतच राहू दे."

"मॅडम, मग लोक आजारी पडतील."

"पडतील, पण नियमात बसून पडतील," हॅचर बाई समजुतीने म्हणाल्या.

मागच्या बाकावर वर्नी मावशीला ठसका लागला. तो हसण्याचा होता, पण इतिवृत्तात तो खोकला म्हणून नोंदला गेला.

ओपलने रात्रभर डोकं चालवलं. पाणी फेकायचं नाही, तर साठवायचं! सकाळी तिने भाजी दोनदा उकळली आणि दोन्ही वेळचं पाणी बाटल्यांत भरलं. प्रत्येक बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलं: "विष. पिऊ नये." डाव आपल्याच हातात राहणार म्हणून स्वारी खुशीत होती.

प्रुइट साहेबांनी बाटल्या तपासल्या. बंद बाटली म्हणजे उत्पादन, आणि उत्पादनाचं लेबल नियमाप्रमाणे हवं. "विष हा शब्द पुढच्या बाजूला फार नकारात्मक वाटतो गं," म्हणत त्यांनी तो मागे बारीक अक्षरांत घालायला लावला. पुढची बाजू रिकामी दिसू लागली, म्हणून तिथे एक हिरवं पान छापलं. पानाखालीही रिकामं वाटलं, म्हणून लिहिलं: "डोंगरातलं. शंभर टक्के नैसर्गिक." यात खोटं काहीच नव्हतं. बाटल्या ठेवायला दुसऱ्या कुठल्याच जागेची परवानगी नव्हती, म्हणून त्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या गेल्या.

दुपारी गाव लोटलं. ओपलचं पातेलं वाफाळत होतं, शेजारी मक्याच्या पावाची चळत होती. पण पातेल्यावर पान नव्हतं. म्हातारे तेवढे ताटल्या घेऊन तिच्यापुढे आले. बाकी सगळी रांग बाटल्यांपुढे.

"पोटाला चांगलं का हो?" एकाने विचारलं.

"नैसर्गिक आहे म्हणजे असणारच," पुढचा म्हणाला आणि त्याने झाकण फिरवलं.

ओपल डाव घेऊन धावली आणि त्याच्या हातावर तो असा हाणला की बाटली उडून पडली. "मागे वाचा, काका. मागे काय लिहिलंय ते वाचा."

"पोरी, घुसू नकोस," तो हात चोळत म्हणाला. "रांगेत ये."

मग तिने एकेक बाटली उचलली आणि सगळ्यांच्या देखत अंगणात ओतली. गर्दीतून हळहळ उठली. प्रुइट साहेबांनी तिथेच पंचनामा केला. विषारी पाणी जमिनीवर फेकल्याचा ठपका त्यांना ठेवता आला नाही, कारण लेबलावर पान होतं. म्हणून ओपलवर गुन्हा लागला तो अन्नाच्या नासाडीचा. डाव काढून घेण्यात आला.

"चांगलं परतलं होतंस," ताटली पुसत वर्नी मावशी म्हणाली. "मीठ जरा कमी."

पुढच्या वसंतात गावजेवण आहेच. डाव प्रुइट साहेबांच्या हाती असेल आणि टेबलावर पानवाल्या बाटल्या. तुम्हाला हसू येतंय, ठीक आहे. पण आज सकाळी हिरव्या पानाचं जे पाकीट फोडलंत, ते उलटं करून पाहिलंत का? नाही ना? मग या. रांगेत तुमची जागा धरून ठेवली आहे.