कासीमचाचांची मलमं

कासीमचाचांना ‘कसे आहात?’ म्हणून विचारलं, तर ते तब्येत सांगत नाहीत, मलम सांगतात. “आज डांबर हाय.” नाहीतर, “आज फौजदार.” आणि पुरावा म्हणून दोन्ही हात पुढे करतात. हातांवर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, मनगटाशी रबर. मलम आत मुरावं म्हणून डॉक्टरांनी रात्री प्लास्टिक गुंडाळायला सांगितलं होतं. चाचा अख्ख्या आष्टीतून दिवसाही तसेच फिरतात.

चाचा मणेर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बांगड्यांचं दुकान. माझ्या लग्नातला हिरवा चुडा त्यांनीच भरला. हात असा अलगद दाबायचे, की बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. काही वर्षांपासून त्याच तळहातांवर, आणि तळपायांवरही, बारीक पिवळ्या फोडी येतात, सुकतात, सालं निघतात आणि पुन्हा नव्या येतात. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा सोरायसिसचाच प्रकार. फोडींत पू दिसतो, पण जंतू नसतात, कुणाला लागत नाही. चाचांनी हे गावभर सांगितलं. गावानं मान डोलावली आणि हात मागे घेतले. आता बांगड्या चाची भरतात आणि चाचा स्टुलावर बसून सूचना देत त्यांचं डोकं खातात.

मलमांवर मात्र त्यांचं मत ऐकावं. डांबराचं मलम इमानदार, “पर वास लई. माणूस न्हाई, सडक आली वाटतं.” स्टेरॉइडचं मलम म्हणजे फौजदार. “आला की समदे गप. गेला की दुप्पट दंगा.” ते मनानं लावायचं नाही आणि एकदम सोडायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चाचांनी एकदा दोन्ही केलं आणि कितीतरी दिवस त्यांना पाऊल टेकवता येईना. मग ड जीवनसत्त्वाचं मलम आलं. हे जीवनसत्त्व उन्हातून मिळतं, हे कळल्यावर चाचा बराच वेळ ट्यूबकडे बघत बसले. “बेटी, आष्टीत ऊन इकत घेणारा मीच पयला.”

नवी ट्यूब उघडली की ते तरणे दिसायचे. ती चपटी होत आली, की आवाज बसायचा. खरं सांगते, मला त्यांच्या आशेचाच राग यायचा.

माझ्या पल्लवीचं लग्न ठरलं आणि चाचांनी परस्पर जाहीर केलं, “पोरीचा चुडा मीच भरनार. तवर हात बरा व्हतो.” असं कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

चुड्याच्या दिवशी ते चाचींबरोबर आले. हातांवर पिशव्या नव्हत्या. सतरंजीवर हिरव्या बांगड्या मांडून बसले. पल्लवीच्या आत्यानं हात पदराखाली घेतला. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पल्लवीनं मात्र हात पुढे केला.

चाचांनी त्या हाताकडे पाहिलं, मग बायकांकडे.

“न्हाई पोरी,” ते म्हणाले. “आत्ताच मलम लावलंय. बांगडी सरकंल, उगं काच लागंल. चाची भरंल.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आत्या तर म्हणाल्या, “बघा, किती काळजी घेतात चाचा.”

मी चहा घेऊन गेले. त्यांचे तळहात मांडीवर उताणे पडले होते. मलमाचा थेंबही नव्हता. कातडी पांढरी, कोरडी, भेगांतून लाल दिसत होती.

“परवापास्नं लावलंच न्हाई,” चाची माझ्याशी हळूच बोलल्या. “पोरीला चिकट हात लागू नये म्हने. सकाळपास्नं साबनानं घासत बसलेते.”

मी कप चाचांच्या हातात द्यायला वाकले. त्यांनी हात मागे घेतले.

“खाली ठेव, बेटी,” ते म्हणाले. “मी घेतो तितून.”