चंद्रकलाबाईला काहीच मालूम नसतं

आमच्या गावात येऊन तुम्ही कोणाचं घर विचारणार असाल, तर कोणालाही विचारा, पण चंद्रकलाबाई पचारेला विचारू नका. पंचाईत अशी की तिचा चहाचा ठेला नेमका बसथांब्यावर आहे. गावात उतरणाऱ्या माणसाला पहिली तीच दिसते आणि तो तिलाच विचारतो. मग बाई उकळत्या चहावरची नजर न काढता म्हणते, "काऊन?" म्हणजे, कशाला?

"काम होतं जरा."

"का काम हाय?"

पाहुणा बिचारा काम सांगतो, गोत सांगतो, कधी कधी दुखणंही सांगतो. बाई सगळं नीट ऐकून घेते. साखर टाकते, चहा गाळते, आणि कप पुढे करत सांगते, "मालूम नाई."

ज्याचं घर विचारलेलं असतं तो लेकाचा अनेकदा तिथेच बाकड्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेला असतो. तोही चकार शब्द काढत नाही. बाईच्या ठेल्यावर ती रीतच पडून गेली आहे. आणि एक सांगायचं राहिलं. बाई बोट दाखवत नाही. कधीच नाही. उजवा हात कामात नसला की पदराखाली. बस कोणत्या दिशेने येणार, एवढं विचारलं तरी हात बाहेर येत नाही.

बाबाराव वाघाडेच्या मुलीला पाहायला सावली गावाकडचे पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. जीपभर माणसं. बाईने त्यांना "मालूम नाई" म्हणून वाटेला लावलं. ते तलावापर्यंत गेले, परत आले, पुन्हा चहा प्याले, पुन्हा तलावाकडे गेले. इकडे बाबाराव नवा सदरा घालून दारात उभा आणि घरात पोहे वाळून चालले. शेवटी पाहुणे वैतागून पुढच्या गावात गेले आणि तिथे कोणाची तरी दुसरीच पोरगी पसंत करून सुपारी फोडून आले. बाबारावने पुढे वर्षभर बाईचा चहा तोडला. त्याची मुलगी मात्र रोज ठेल्यावर यायची. तिला तो पोरगा नकोच होता, हे गावात एकट्या बाईला ठाऊक होतं.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान ठेल्याच्या अगदी समोर. एकदा मी माझ्याच बायकोची चौकशी केली. "बाई, आमची मंडळी इकडे आली का?" "मालूम नाई," बाई म्हणाली. मंडळी त्या वेळी ठेल्याच्या मागच्या ताडपत्रीआड बसून बाईपाशी माझ्याच कागाळ्या करत होती. हे मला कळलं तेव्हा सहा महिने उलटले होते.

बाहेरच्या वाचकाला हा निव्वळ आगाऊपणा वाटेल. आमचं गाव एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाच्या तोंडाशी. इथे एक काळ असा गेला की दिवसा विचारणारे ठाण्यातले आणि दिवस मावळल्यावर विचारणारे जंगलातले, आणि खरं बोलून दोघांशीही भागत नसे. आता तसं राहिलं नाही. रस्ता डांबरी झाला, मोबाइलला रेंज आली. पण जिभेला लागलेली सवय रेंज आली म्हणून सुटत नाही. आणि या सवयीची आमची हेडमास्तरीण म्हणजे चंद्रकलाबाई.

बाईला ज्योती नावाची एकुलती एक मुलगी. नवरा फार लवकर गेला. बाईने ठेल्याच्या कमाईवर पोरीला शिकवलं, नर्स केलं. ज्योती मस्कतला नोकरीला लागली, तिथेच लग्न झालं. "आई, तू ये," असं पोरगी दर फोनला म्हणायची आणि बाई म्हणायची, "येतो ना, धान निघू दे." बाईकडे धानाची एक बांधीही नाही. मग ज्योतीला दिवस गेले आणि पोट पडलं. जावई लांब वाळवंटात कामावर. पोरगी दवाखान्यात एकटी होती. तो फोन ठेवल्यावर बाई ठेल्यामागे जाऊन बसली ती चहा करपेपर्यंत उठली नाही.

यंदा ज्योतीला पुन्हा दिवस गेले होते. एक दिवस बाई माझ्या दुकानात आली. पेटती शेगडी सोडून ती कधी रस्ता ओलांडत नाही, म्हणून मी उठून उभाच राहिलो.

"मनोज गा, पोट्टीले डाक्टरनं पलंगावरून उठू नको म्हनलं. महिना सरायच्या आत ऑपरेशन करतो म्हन्ते. या वक्ती मले जा लागते."

तिने पदराआडून पासपोर्ट काढला. पोरीने पहिल्या पगारात काढायला लावलेला, पोलक्याच्या कापडात गुंडाळलेला, एकही शिक्का नसलेला कोरा करकरीत पासपोर्ट. मुदत कधीच संपलेली.

आता तत्काळमध्ये अर्ज टाकायचा, आणि तो भरायला समोर बसली कोण, तर चंद्रकलाबाई.

"जन्म कुठला?"

"काऊन?"

"बाई, मी नाही विचारत. सरकार विचारून राह्यलं."

"सरकारले का काम हाय?"

"अंगावर ओळखीची खूण?"

"हाय एक."

"कुठे?"

"मालूम नाई."

तिच्या जन्माचा दाखला मीच कधीतरी काढून दिला होता म्हणून वाचलो. कसाबसा अर्ज गेला, तारीख मिळाली, मी तिला नागपूरला नेलं. फोटो छान आला. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं, आणि त्या बाबतीत बाईला काही शिकवावं लागलं नाही. खिडकीतल्या माणसाने फक्त एक सांगितलं. जुन्या पासपोर्टवर पत्ता सावलीचा होता, कारण पोरीच्या शिक्षणापायी बाई काही वर्षं ठेला तिकडे नेऊन भावाकडे राहिली होती आणि कागद तेव्हाही तिथलेच होते. पत्ता बदलला म्हणून आधी पोलीस चौकशी होईल, अहवाल आला की पासपोर्ट लगेच निघेल. मी म्हटलं, मग काय झालंच काम. सारं गाव ओळखतं त्या बाईला.

तिथेच मी चुकलो.

चौकशीला आलेला पोलीस पोरगाच होता, तिकडे पश्चिमेकडून नुकताच बदलून आलेला. साध्या कपड्यात, मोटारसायकलवर. नेमका मी त्या दिवशी मुलचेऱ्याला गेलो होतो. पोरगा बसथांब्यावर उतरला, बाकड्यावर बसला, चहा घेतला आणि अदबीने म्हणाला, "मावशी, इथं चंद्रकला पचारे म्हणून कुणी राहतात का हो?"

बाईने साखर टाकली.

"काऊन?"

"जरा काम होतं."

"का काम हाय?"

बिचाऱ्याने सांगितलंही असेल, पण 'पोलीस' हा शब्द कानी पडला की बाईचे कान पुढचं घेत नाहीत. तिने चहा गाळला. कप पुढे केला.

"मालूम नाई."

पोरगा चक्कीवर गेला. चक्कीवाला म्हणाला, असं नाव कधी ऐकलं नाही. सोसायटीच्या पाराजवळ मासोळीची जाळी विणत बसलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. बाबारावने तर गावात पचारे हे आडनावच नाही म्हणून सांगितलं. सगळे प्रेमाने, बरं का. बाईवर काही बालंट यायला नको म्हणून. सोमाजी बुढा मात्र फार पुढे गेला. त्याला वाटलं, नुसतं नाही म्हटलं तर हा पुन्हा येईल. म्हणून तो म्हणाला, "होती गा असी एक बाई. मेली."

मी आलो तेव्हा गाव खुशीत होतं. आपण बाईला कसं वाचवलं, ते मला चढाओढीने सांगत होते. मी कपाळावर हात मारून खाली बसलो. त्यांना सारं समजावलं तेव्हा ठेल्यावर कोणी कोणाकडे पाहीना. सोमाजीने खर्ऱ्याची पुडी उघडली आणि तशीच बंद केली. बाई एवढंच म्हणाली, "मीच माह्या पोट्टीची वाट अडोली."

सकाळी मी तिला मोटारसायकलवर बसवून ठाण्यात नेलं. ठाणेदार साहेबबाई यायच्या होत्या. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मला राग आला होता, आणि माझा राग पोटात राहत नाही.

"बाई, दुसऱ्याचं ठीक आहे. पण आपलं सोताचं नाव सांगायला काय होते?"

 बाई बोलली ते समोरच्या चिंचेकडे पाहत.

"मी पयले असी नोती गा. नवा नवा ठेला होता, तं कोनी इचारलं का सबन सांगो. मले लय भूषन वाटे का मले साऱ्यायची घरं मालूम हायेत. दोन पोट्टे आले. म्हने गुरुजी कुठी राह्यते. म्या बोट दाखोलं. ते पाय, निळ्या दरवाज्याचं."

"मग?"

"गुरुजीले घेऊन गेले. चार रोजानं सोडलं, पन मानूस मोडून गेल्ता. ट्रंक बांधली, बायकोपोराले घेतलं अन् बसले बसमंधी. जायाच्या आंधी माह्या इथी चहा पेले. मले काई बोल्ले नाई. बोल्ले असते तं बरं झालं असतं."

ते पोट्टे कोणाचे होते, हे मी लिहीत नाही. आमच्याकडे ते विचारत नसतात. मी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो पदराखालीच होता.

साहेबबाई आल्या. कागद पाहून त्यांनी त्या पोराला बोलावलं. तो आला, बाईला बघून जागीच थबकला आणि म्हणाला, "अहो मावशी, मी तुमच्याच हातचा चहा प्यायलो की."

"चांगला होता का?" बाईने विचारलं.

साहेबबाई हसल्या. म्हणाल्या, "मावशी, कागदाप्रमाणे तुम्ही गावात नाही, आणि एकाच्या मते तर या जगातच नाही. ओळख सांगणारी शेजारची दोन माणसं आणा, मी आजच अहवाल पाठवते."

मी गावात फोन केला. दोन माणसं म्हणालो होतो. दुपारी ठाण्याच्या दारात अख्खा टेम्पो येऊन उभा राहिला. चक्कीवाला, जाळीवाले चौघे, बाबाराव आणि त्याची मुलगी, माझी बायको, आणि सगळ्यांत पुढे सोमाजी बुढा, धुतलेल्या धोतरात.

"यांना ओळखता का?" साहेबबाईंनी विचारलं.

कोणी बोलेना. जन्माची सवय, ती एका टेम्पोत बसल्याने जात नाही. सगळ्यांनी बाईकडे पाहिलं. बाईने खाली बघत, अगदी थोडी मान हलवली.

"वळखतो," सोमाजी म्हणाला. "माही बुढी दवाखान्यात होती तवा मले दोन्ही टाइम हिनंच खाऊ घातलं. जित्ती हाय जी ही. म्या लबाड बोल्लो."

मग काय, बांधच फुटला. बाबारावची मुलगी बोलली, आणि ते बाबारावनेही तेव्हाच ऐकलं. चक्कीवाला बोलला. माझी बायको काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही, पण त्यात मी होतो. कोणाच्या घराच्या किल्ल्या बाईकडे असतात, कोणाच्या सुनेला तिने माहेरची बस धरून दिली, कोणाची दारू तिने सोडवली, सगळं बाहेर आलं. साहेबबाई शेवटी म्हणाल्या, "पुरे, पुरे. एवढं लिहायला जागा नाही."

बाईने तोंडाला पदर लावला होता. परतताना टेम्पोत ती माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "माह्याबद्दल इतलं मालूम होतं त्यायले?" आजवर साऱ्या गावाचं पोटात ठेवणाऱ्या त्या बाईला, आपलंही कोणी काही जपून ठेवलं असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

पासपोर्ट आठवड्यातच आला. नेहमीचा पोस्टमन सुटीवर होता, बदली माणूस जाडसर पाकीट घेऊन बसमधून उतरला आणि ठेल्यावर येऊन म्हणाला, "चंद्रकला पचारे कुठी राह्यते?"

बाकड्यावर सगळ्यांनी आपापल्या कपात नजर घातली. मीही दुकानातून मान बाहेर काढली. बाईने शेगडी बारीक केली, ओले हात पदराला पुसले.

"मीच," ती म्हणाली. पुढे 'काऊन' आलं नाही.

ती गेली. ठेला माझ्या बायकोने सांभाळला, आणि तिचा चहा पिऊन गावाला बाईची किंमत आणखी कळली. मग एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, आणि त्या एवढ्याशा पडद्यापुढे सारं गाव वाकलं. पडद्यात दवाखान्याची मोठी काच, काचेपलीकडे ओळीने पाळणे, आणि अलीकडे आमची बाई, तिथल्या एसीपायी अंगात ज्योतीचा स्वेटर.

"ज्योती बरी हाय," बाई म्हणाली. "नातू झाला. दोघंबी बरे हायेत."

सोमाजीला नीट दिसत नव्हतं. त्याने नाक अगदी मोबाइलला लावलं. "बाई, इथी तं लय लेकरं हायेत. तुहा नातू कोन्ता?"

मला वाटलं, आता म्हणते 'काऊन'. पण बाईचा उजवा हात पदरातून बाहेर आला, वर उठला, आणि बोट सरळ काचेला टेकलं.

"तो पाय," ती म्हणाली. "निळ्या दुपट्यातला. तो माहा."

"दिसला," सोमाजी म्हणाला.