चंद्राबाईचा डबा आणि एसीचं पाणी

पाण्याबद्दल आपल्याला कुणी शिकवू नये, असं धनेशचं ठाम मत होतं. जन्म मोऱ्याच्या कोळीवाड्यातला, आजा होडीवर, बाप गणू होडीवर. धनेशला स्वतःला होडीत बसलं की मळमळायचं, पण तो भाग वेगळा. त्यामुळे एसी बसवायला आलेला पोपट जेव्हा म्हणाला, "पाण्याचा पाइप पार बाथरूमपर्यंत न्यायचा म्हणजे टाइम लागेल, परवा येतो," तेव्हा धनेशने त्याला दारापर्यंत पोचवूनच दिलं.

"एवढं काम मी करतो. तू टेन्शन घेऊ नको."

खरं तर एसी थंडाव्यासाठी घेतलाच नव्हता. गेल्या पावसाळ्यात धनेशची आई चंद्राबाई गेली आणि एकट्या पडलेल्या गणूला त्याने कोपरखैरण्याच्या फ्लॅटवर आणलं. गणू एका अटीवर आला. बरोबर एक पत्र्याचा डबा येणार. चंद्राबाईने शेवटच्या उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील त्यात होते. डब्याचं झाकण कधीच गंजून गेलं होतं, तोंडाला तिच्याच लुगड्याचा तुकडा बांधलेला. गणू त्यातला एक बोंबील स्वतः खात नसे, कुणाला खाऊ देत नसे. दुपारी डबा माळ्यावरून उतरवून घ्यायचा, फडकं सोडायचं, नाक आत घालून बसायचं आणि पुन्हा बांधून ठेवायचा. घरात कुणी त्याला हसलं नाही. हसण्यासारखं ते नव्हतंच.

पण वास काही घरात थांबत नव्हता. वरच्या मजल्यावरचे सुधीर शुद्ध शाकाहारी, आणि त्यांचं नाक फार तिखट. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला तेव्हापासून गणू म्हणू लागला, "मी मोऱ्याला जातो. डब्याचा लोकांना तरास हाय." मोऱ्याच्या बंद घरात बाप एकटा त्या डब्यासमोर बसलेला धनेशच्या डोळ्यांपुढे यायचा. मग त्याने युक्ती काढली. बापाच्या खोलीत एसी लावायचा, खिडक्या कायमच्या बंद. वास आत, शेजारी खूश, बाप घरात.

आता राहिला पाइप. पाणी बाहेर सोडायला सोसायटीची बंदी. हॉलच्या भिंतीवरून पाइप न्यायला धनेशच्या बायकोची, अमिताची बंदी. तेव्हा धनेशने तो सरळ वर चढवून माळ्यावर नेला आणि तिथून पलीकडे बाथरूममध्ये उतरवला.

अमिता खालून बघत होती. "अहो, पाणी वर कसं चढणार?"

"भरतीला खाडीत पाणी आत चढतं की नाही? मागून रेटा असला की चढतं."

गणू खाटेवरून एवढंच म्हणाला, "मंग भरतीमागनं व्होटी पन येल."

माळ्यावर पाइपला जागा हवी म्हणून धनेशने डबा खाली काढला आणि एसीच्या बरोबर खालच्या कपाटावर ठेवला. बापाला हाताशी बरा.

दुसऱ्या दुपारी गणू जागा झाला तो टपटप आवाजाने. कपाटावरून पाणी ओघळत होतं. धनेशने वर पाहिलं आणि क्षणात निकाल दिला. सुधीरचं बाथरूम गळतंय! एसीवर शंका घेणं म्हणजे स्वतःवरच घेणं, तेव्हा तो तडक वर गेला, वर्षभराचा राग बरोबर घेऊन.

"आमचा वास चालत नाही, आणि तुमचं पाणी आमी झेलायचं?"

सुधीर रागारागाने शहानिशा करायला खाली आले. दोघं खोलीत उभे राहून आवाज चढवत असतानाच लाइट गेली. एसी बंद पडला. थोड्या वेळाने टपटपही बंद पडली.

"धनेशभाऊ," सुधीर सावकाश म्हणाले, "आमचं बाथरूम लाइटवर चालत नाही."

धनेशने मान वर करून एसीकडे पाहिलं. तेवढ्यात गणूने डबा उतरवला आणि फडकं सोडलं. आतले बोंबील पाणी पिऊन मऊ पडले होते. गणूने एक हातात घेतला, तो मध्येच तुटला. म्हातारा खाली बसला आणि रडू लागला. ती गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. धनेशला वाटलं, आई दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला आपण घालवली.

"बाबा, गच्चीवर वाळवू," तो कसाबसा म्हणाला.

"पार भिजलंय, आता सुकाचा नाय, कुजल." गणूने डोळे पुसले. "सूनबाय, कालवन कर. सगल्यांचा."

अमिताने कैरी घालून मोठं पातेलं चढवलं. वासाने अख्खी विंग जागी झाली. सुधीर मात्र घरी जायला निघेनात. आपण मीटिंगमध्ये काय बोललो ते त्यांना आठवत असावं. ते कोरा भात घेऊन गणूजवळ बसले. गणूने पहिला घास तोंडात घेतला.

"मीठ जास्तीच टाकाची ती," तो म्हणाला, "कवा ऐकलं नाय माझं."

लाइट आली नव्हती, उकडत होतं, म्हणून अमिता खिडकी उघडायला गेली. गणू म्हणाला, "नको, पोरी. तिचा वास भायेर जातो."

अमिताच्या आधी सुधीर उठले आणि त्यांनीच खिडकीची कडी घट्ट लावली.

दुसऱ्या दिवशी पोपट पाइप नीट करायला आला, पण गणूने त्याला पाइपला हात लावू दिला नाही. रिकामा डबा त्याने एसीखाली मांडला होता. रात्रभर त्यात पाणी पडतं, आणि त्या पाण्याला सकाळी बोंबलाचा किंचित वास येतो. तेवढा वास घेऊन झाला की गणू डबा मुलाच्या हातात देतो. आणि पाणी वर चढवायला निघालेला धनेश, न सांडता, ते बाथरूमपर्यंत नेऊन ओततो.