शोभेचं गवत

तलातूने अयाचं बियाणं पाण्यात भिजवून सुपात निथळत ठेवलं होतं, आणि नेमका तेव्हाच तिचा मामेभाऊ तनिमू आला. अया म्हणजे नागरमोथ्याच्या कुळातली, जमिनीखाली धरणारी गाठ. चावली की ओल्या खोबऱ्यासारखी गोड लागते. तलातूने तीन हंगाम निवडून निवडून फक्त टपोऱ्या गाठी बियाण्याला राखल्या होत्या. रान नांगरून तयार होतं आणि घरात दुसरं बियाणं नव्हतं.

"माझ्यासाठी काढून ठेवलंस होय?" म्हणत तनिमूने सूप उचललं आणि धूम ठोकली.

कात्सिना शहराकडच्या त्या गावात आते-मामे भावंडांचा रिवाज ठरलेला. एकाने दुसऱ्याचं काही पळवलं तर परत मागायचं नाही, आणि रागवायचं तर मुळीच नाही. जो रागावेल त्याची गावभर टिंगल. म्हणून तलातू त्याच्यामागे हसत हसत धावली. हसू फक्त ओठांवर होतं.

तनिमू मागे बघत स्वतःच्या अंगणात शिरला आणि अडखळून आडवा झाला. दुसऱ्या दिवशी मुलीचं बारसं, म्हणून त्याच्या बायकोने, देलूने, अंगणभर नदीची वाळू पसरली होती. गाठी वाळूत उधळल्या. आपण आपटल्याचं तलातूला कळू नये म्हणून त्याने घाईघाईने खराटा फिरवला आणि सगळं वाळूखाली दडपलं. देलू दारातून बघत होती.

"संपल्यासुद्धा?" तलातूने रिकामं सूप बघून विचारलं.

"संपल्या. गोड होत्या."

"असणारच. बियाण्याच्या होत्या."

तनिमूचा चेहरा उतरला. पण खरं सांगायचं तर आधी पडल्याचं सांगावं लागणार. त्याने रिकामं सूप तिच्या हातात दिलं. तलातूने त्या वर्षी रानात बाजारातल्या बारक्या गाठी लावल्या.

बारशाला आलेल्या पाहुण्यांनी अंगणातच हातपाय धुतले. वरून पाऊस होताच. थोड्याच दिवसांत वाळूतून हिरवी पाती वर आली. तनिमूने ती उपटली. दोन दिवसांनी पुन्हा आली, आणि जास्त आली.

"अहो, हे काय उगवलंय?" देलूने विचारलं.

"शोभेचं गवत आहे. तुला नाही कळायचं."

देलूला कळत होतं, पण नवऱ्याची गंमत बघायला तिला आवडायचं. तिने ही बातमी विहिरीवर पोचवली. मग गावप्रमुख स्वतः बघायला आले.

"छान दिसतंय, तनिमू. कुठून आणलंस?"

"लांबून मागवलंय."

"उपटू नकोस हं. पाऊस सरला की माझे पाहुणे येतील, त्यांना दाखवीन."

त्यांच्यामागून तलातू आली. तिने एक दांडी बोटांत फिरवून पाहिली. गवताची दांडी गोल असते. हिला अयासारख्या तीन कडा होत्या. तलातूने तनिमूकडे बघितलं. तनिमूने आभाळाकडे बघितलं.

"नाजूक दिसतंय रे," ती म्हणाली. "पाणी कमी पडू देऊ नकोस."

पाऊस ओसरल्यावर तनिमू रोज विहिरीवरून घागरी वाहू लागला. बकऱ्या हाकलल्या, कोंबड्या हाकलल्या. पाहुणे आले, वाहवा करून गेले. मग पाती पिवळी पडली, आणि एका सकाळी तलातू कुदळ, चाळण आणि चार मैत्रिणी घेऊन अंगणात हजर झाली.

"हे काय चाललंय?"

"तुझं पळवतेय. रागावलास का?"

"छे," तनिमू म्हणाला. हसू फक्त ओठांवर होतं.

दुपारपर्यंत अंगण खणून झालं. गाठी सगळ्या टपोऱ्या, आणि सुपात होत्या त्याच्या कितीतरी पट. तलातूने बियाणं वेगळं काढलं आणि उरलेल्यातून खजूर, आलं घालून, वाटून कुनू हे पेय केलं. पहिला वाडगा तनिमूला दिला.

"कसं झालंय?"

"गोड आहे."

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात," देलू म्हणाली आणि खड्डे बुजवायला त्याच्या हातात खराटा दिला.