फ्रेममध्ये थांबलेली माणसं

घरात कुठलीही वस्तू आणायची असली की आमच्या खानदानात सल्ला एकाच माणसाचा घेतला जातो. माझा! "सुदेशला विचारा" म्हणतात सगळे. (नाही विचारलं तरी मी सांगतोच, ती गोष्ट वेगळी.)

तर बाबांच्या बहात्तराव्या वाढदिवसाला डिजिटल फोटो फ्रेम घ्यायची ठरवली, तेव्हा मी दहा दिवस अभ्यास केला. एवढा दहावीला केला असता तर आज मी फ्रेम विकत घेत नसतो, बनवत असतो! शेवटी अशी फ्रेम निवडली की नातेवाइकांना फक्त एक लिंक पाठवायची, त्यांनी आपल्या घरी बसून आपापले फोटो टाकायचे आणि ते इकडे घोडबंदर रोडला आमच्या हॉलमध्ये दिसायचे.

"साधी घे ना, पेनड्राइव्हवाली," दक्षता, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

मी नुसता हसलो. मोठा सर्जन काढ्याचं नाव ऐकून हसतो ना, तसा!

फ्रेम लावली. तिने मालकाचं नाव विचारलं, मी बाबांचं टाकलं. दामाजी. मग तिने आणखी बारा-तेरा प्रश्न विचारले. मी न वाचता सगळ्यांना 'होय' म्हटलं. वीस वर्षांच्या संसाराची सवय!

चार दिवस फोटो सुरळीत फिरले. बुधवारी सकाळी बघतो तर फ्रेम अडकलेली. रत्नदीपच्या फोटोवर. रत्नदीप हा माझा मामेभाऊ, डोंबिवलीला असतो आणि आमच्याकडे फक्त पत्रिका द्यायला येतो. संध्याकाळी बेल वाजली. दारात रत्नदीप!

"सहजच आलेलो," तो म्हणाला. हातात शहाळी. बाबांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या हातावरून हात फिरवत राहिला. बाबा बिचारे मॅच बघत होते. त्यांनी दोनदा हात काढून घेतला, याने दोन्ही वेळा परत धरला!

शुक्रवारी फ्रेम माझ्या सासूबाईंवर अडकली. मी गुपचूप तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. उपयोग शून्य. साडेचारला सासूबाई हजर, दोन बॅगांसकट! त्याही 'सहजच'. बाबांकडे बघून त्यांनी पदराने डोळे टिपले आणि संध्याकाळच्या बसने परत गेल्या. माझ्या सासूबाई. त्याच दिवशी परत. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी भयंकर चाललंय!

शनिवारी लक्ष्मीआत्या. बाबांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांमुळे कल्याणच्या घराबाहेर पडत नाही. सकाळी फ्रेममध्ये थांबली, दुपारी रिक्षातून उतरली आणि म्हणाली, "मी आता ऱ्हायलाच आलेय."

"सुदेश," दक्षताने मला किचनमध्ये ओढलं. "फ्रेममध्ये जो थांबतो, तो येतो."

"योगायोग गं."

"तीनदा?"

मी विज्ञानावर बोलायला तोंड उघडलं. पण बाहेरच्या काळोख्या पॅसेजमध्ये लिफ्टचं दार आपोआप उघडून बंद झालं आणि विज्ञान घशातच राहिलं.

रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आलो. एकोणिसाव्या मजल्यावरचा आमचा हॉल. सकाळी कबुतरांचा नुसता गोंधळ असतो. त्या दिवशी एकही कबुतर नव्हतं. फ्रेम अडकलेली होती. आणि तिच्यात आजी होती.

माझी आजी, रंगूबाई. बाबांची आई. अकरा वर्षांपूर्वी गेलेली!

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या घरात आजीचा फोटोच नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिला वाटायचं. कोळीवाड्यात कुणी कॅमेरा काढला की ती माशांची पाटी तोंडासमोर धरायची. एक आधार कार्डावर होता, पण त्यात तिला तिने स्वतःसुद्धा ओळखलं नव्हतं. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, बोटाएवढा जुना फोटो सापडला. ऐन विशीतली बाई, नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू. तेराव्याच्या दिवशी त्या फोटोवरून बाबा आणि महिपतकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, असे भांडले की पंगत अर्धी उठली. काकांनी फोटो खिशात घातला आणि शहाडला निघून गेले. अकरा वर्षं दोघे बोलले नाहीत. मध्ये बाबांची बायपास झाली, तरी नाही.

तो फोटो काकांकडे होता. मग आमच्या फ्रेममध्ये कोण आलं होतं?

बाबा बाहेर आले. फ्रेमसमोर उभे राहिले. मग हलकेच म्हणाले, "आई…" आणि खुर्चीत बसले. आई देवघराच्या दारात उभी होती, हातात फडकं, चेहरा पांढराफटक. एरवी अखंड बोलणारी माझी आई, एक अक्षर बोलेना.

"जो थांबतो, तो येतो," दक्षता पुटपुटली.

त्या दिवशी आमच्याकडे कुणी मोठ्याने बोललं नाही. लक्ष्मीआत्या गुडघ्याची गोळी घेऊन आत झोपली होती, तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. दुपारी ऊन ऐन भरात असताना वीज गेली. पंखा थांबला. टीव्हीचा लाल दिवा विझला. फ्रेम मात्र चालूच! (तिला बॅटरी आहे. ती मीच मुद्दाम बघून घेतलेली. पण त्या क्षणी बॅटरी कुणाला आठवते?) पडदे ओढून अंधारलेल्या हॉलमध्ये तेवढा एकच चेहरा उजळलेला, आणि मी सोफ्याच्या या टोकाला सरकलो तरी तिची नजर माझ्यावर. त्या टोकाला सरकलो तरी माझ्यावरच!

आणि बेल वाजली.

वीज नसताना! (तीही बॅटरीवरची. मीच निवडलेली.)

"तू उघड," दक्षता म्हणाली.

"मी कशाला? आजी तुझीपण होती."

"सुदेश!"

मी दाराच्या भिंगातून बघितलं. पॅसेज काळोखा. कुणीच नाही. मग खालून, अगदी खालून, पांढऱ्या केसांचा एक झुबका वर आला. मी किंचाळलो. आई किंचाळली. आत झोपलेली आत्या कशासाठी ते माहीत नसताना किंचाळली!

दार उघडलं तर महिपतकाका. उंची पाच फुटांच्या आत, त्यात एकोणीस जिने चढून वाकलेले. मागे त्यांची मुलगी प्राप्ती, धापा टाकत. काकांचे डोळे रडून सुजलेले.

"दादा…" काकांनी दाराची चौकट धरली. "मी वेळेत आलो ना?"

"कशाच्या वेळेत?" बाबा खुर्चीतून उठत म्हणाले.

काकांनी बाबांना नखशिखान्त न्याहाळलं. "तू चालतोयस?"

"मग काय उडू?"

काकांच्या हातातली पिशवी सुटली. आधी शहाळं घरंगळलं. त्यामागून निशिगंधाचा भलामोठा हार बाहेर आला.

बाबा हाराकडे बघत राहिले. "महिपत, हे काय आहे?"

"घोडबंदर रोडचा ट्रॅफिक…" काका मान खाली घालून म्हणाले. "म्हटलं, पोचेपर्यंत उशीर झाला तर…"

प्राप्तीने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर मेसेजची रांग. 'दामाजी यांना तुमची खूप आठवण येत आहे. भेटायला या!' एकदा नाही. एकवीस वेळा! सकाळी सहा चाळीस ते सहा त्रेचाळीस.

"आपल्या ग्रुपवर तू लिंक टाकलेलीस ना, सुदेशदादा," ती म्हणाली. "मी पप्पांना न सांगता आजीचा फोटो टाकला. म्हटलं, दामाजीकाका एकदा बघतील तरी. आणि आज हे आले, मी उठून बघितले तोवर बारा वाजलेले. पप्पा म्हणाले, ज्याने अकरा वर्षांत फोन केला नाही, तो एकवीस वेळा बोलावतोय म्हणजे… संपलं."

मग मी फ्रेमचं पुस्तक उघडलं. पहिल्यांदाच! काचेवर दोनदा बोट लागलं की फोटो तिथेच थांबतो आणि ज्याने तो टाकला त्याला असा मेसेज जातो. मी ज्या तेरा प्रश्नांना 'होय' म्हटलं, त्यातला हा सातवा.

"पण बोट लावलं कुणी?" बाबांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा आईच्या फडक्याकडे वळल्या.

"मी रोज पुसते," आई फडकं पाठीमागे लपवत म्हणाली. "देवांबरोबर तीपण. आज बघते तर सासूबाई! मी घाबरून पुसायला लागले. जितकं पुसते तितक्या माझ्याकडेच बघतायत!"

पहिलं हसू बाबांना फुटलं. मग काकांना. हसता हसता काका मटकन खाली बसले आणि हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकांनी खिशातून मेणकागदात गुंडाळलेला तो मूळ फोटो काढला. "घे दादा. आई तुझ्याकडेच राहू दे."

"नको, तू सांभाळलास इतकी वर्षं."

तेवढ्यात लक्ष्मीआत्या भिंत धरत बाहेर आली. तेराव्याला ती तापाने फणफणलेली होती, त्यामुळे तिने हा फोटो कधी बघितलाच नव्हता. ती फ्रेमच्या अगदी जवळ गेली.

"सखुमावशीचा फोटो कुनी लावला रं?"

काकांचा फोटो धरलेला हात तसाच पुढे राहिला.

"आत्या, ही आजी आहे," मी म्हटलं.

"आय? आयच्या हनुवटीवर गोंदन व्हतं, यवढं ठसठशीत. हिच्या हाय कुठं? ही सखुमावशी, आयची धाकटी भैन. दोघी उभ्या जन्मात एकमेकींशी बोलल्या नाय." आत्या थांबली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे आयनं तिचा फोटो जपून ठेवलेला?"

बोटाएवढ्या फोटोत जे दिसलं नव्हतं, ते दहा इंचांवर लख्ख दिसत होतं. गोरीपान, कोरी हनुवटी. बाबा काकांकडे बघत होते, काका जमिनीवरच्या हाराकडे. मग बाबा म्हणाले, "महिपत, जेवून जा." काका आठ दिवस राहिले!

आता माझ्यासारख्या जाणकाराने निदान तो फोटो तरी काढून टाकावा ना? काढायला गेलो. फ्रेमने विचारलं, 'बाकीचे सर्व फोटो काढायचे?' मी 'होय' म्हटलं.

तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये चोवीस तास सखुमावशी बसलेली असते. पाहुणे विचारतात, "या तुमच्या आजी का?"

आम्ही सगळे एकदम म्हणतो, "हो."